मुकी पेटी

कन्या बेळगावहून पुण्याच्या वसतिगृहात निघाली, तेव्हा तिचा एकच हट्ट : कीबोर्ड. आमच्या घरी माझ्या वडिलांची पेटी. एका हाताने भाता, दुसऱ्याने सूर. दोन्ही हात मोकळे, ही चैन मला नवी!

दुकानदार कन्नडमधून समजावू लागला. ६१ पट्ट्यांचा हलका, मीटरभराच्या आतला. पण पट्ट्यांना वजन नाही. ८८ जड पट्ट्यांचा घ्यावा, तर लांबी सव्वाचार फूट, वजन ११-१२ किलो. खोलीतले टेबल साडेतीन फुटांचे. मी माप घेऊनच आलो होतो.

"६१चाच घेऊ," मी म्हणालो.

"बाबा, पियानो शिकायचा तर बोटांना वजन कळायला हवं. पलंगाखाली ठेवीन मी."

८८चाच घेतला. वर हेडफोन, खोलीतल्या मैत्रिणीला त्रास नको म्हणून. तो कानांना लावून ती वाजवू लागली. मला ऐकू आली ती फक्त पट्ट्यांची टकटक.

जन्मभर वर्गावर्गांतून 'आवाज नको' म्हणत आलो. ती शांतता मात्र सोसवेना.

तिला गाडीत बसवून आलो त्या संध्याकाळी पेटी उघडली. येतो तेवढा एक 'सा' धरून बसलो. स्वयंपाकघरातली भांडी क्षणभर थांबली.