नुक्त्याची जागा

उर्दू लिपीत नुक्ता हा काही शोभेचा ठिपका नाही. एकाच आकाराखाली एक नुक्ता दिला की 'बे', तीन दिले की 'पे', आणि दोन वर ठेवले की 'ते'. वरचा नुक्ता खाली आला तर 'खुदा'चा 'जुदा' होतो. नुक्ता हे खुशनवीसांचे माप आहे. बगदादचा वजीर इब्न मुक्ला (मृत्यू इ.स. 940) याने अक्षरांची प्रमाणे बांधली ती नुक्त्याच्या हिशेबाने. अलिफ किती उंच असावा, हे नुक्ते मोजून ठरू लागले. म्हणजे आमच्या लिपीत जागा आणि माप या दोन्ही गोष्टींना हजार वर्षांपासून मान आहे.

याची आठवण झाली ती आमच्या शाळेतल्या एका छोट्या कोरीव यंत्रामुळे. टेबलावर मावेल असे, संगणकाच्या हुकमावर चालणारे हे यंत्र. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा सांगाडा, 300 बाय 180 मिलिमीटर कामाची जागा आणि वर एक छोटी मोटार. संस्थेने वर्गणीतून ते घेतले, तेव्हा वर्गांच्या पाट्या उर्दू आणि मराठीत मुलांनीच कोराव्यात असे आम्ही शिक्षकांनी ठरवले. मराठी अक्षरे बरी उमटली. उर्दू पाटीवर मात्र 'पे'चे दोन नुक्ते एकमेकांत मिसळले. एका मुलीने विचारले, "सर, तिसरा नुक्ता कुठे गेला?"

यंत्राची थोडी माहिती असलेल्या एका हितचिंतकांनी सोपा उपाय सुचवला, "आकडा बदला, झाले." त्याचे असे आहे की मोटारीला एका फेऱ्यासाठी 3200 ठोके लागतात. एका फेऱ्यात स्क्रू 4 मिलिमीटर सरकवतो. म्हणून यंत्रात दर मिलिमीटरला 800 ठोके असा आकडा भरलेला असतो. तो वाढवला की हालचाल वाढते.

आम्ही आधी मोजायचे ठरवले. डायल गेज आणि व्हर्निअर हाताशी होतेच. दिशा उलटवून 10 मिलिमीटर चालवले तर 0.3 कमी भरले. 100 चालवले तरीही 0.3च कमी. आकड्यात दोष असता तर अंतराबरोबर चूक वाढली असती. चूक तेवढीच राहते याचा अर्थ नट आणि स्क्रूच्या आट्यांत ढिलाई आहे. दिशा बदलताना आधी ती भरून निघते, मगच यंत्र हलते. आकडा फुगवून 10 मिलिमीटर बरोबर केले असते, तर 100 ला जवळपास 3 मिलिमीटर जादा झाले असते.

मग मुलांनी एकेक गोष्ट हाती घेतली. आधी सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजले. ते सारखे नव्हते. वर्गात शिकलेला 'मुतवाज़ी-उल-अज़ला' समोर उभा होता. बोल्ट सैल करून, गुण्या लावून त्याचा 'मुस्ततील' केला. प्रमेय हाताने सिद्ध झाले. मग सांगाडा कडाप्पाच्या सपाट फरशीवर पक्का बसवला. वजनाने थरथर कमी झाली, पीळही गेला. गज 10 ऐवजी 12 मिलिमीटरचे घातले तर ताठपणा दुप्पट होतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. पण तो खर्च झेपणारा नव्हता. त्याऐवजी कोरणीचे टोक मोटारीबाहेर जितके कमी ठेवता येईल तितके ठेवले. बाहेरची लांबी निम्मी केली की टोकाचे वाकणे आठव्या हिश्श्यावर येते. याला एक पैसाही लागत नाही. आट्यांसाठी स्प्रिंगने ताणलेला जोडनट घातला.

शेवटी खालची लाकडी फळी त्याच यंत्राने तासून सपाट केली. हे महत्त्वाचे, कारण निमुळत्या कोरणीने जितके खोल जावे तितका नुक्ता रुंद होतो. टोकाचा कोन 60 अंशांचा असेल, तर अर्धा मिलिमीटर जादा खोलीने रुंदी अर्ध्या मिलिमीटरहून अधिक वाढते. तेवढ्याने शेजारचा नुक्ता गिळला जातो.

0.3 चे 0.05 झाले. यंत्र अजूनही लहानच आहे. लोखंड त्याच्याने कापणार नाही. पण 'पे'ला तिन्ही नुक्ते मिळाले.

आम्हा शिक्षकांना यातून जे वाटले ते यंत्रापुरते नाही. निकालाचा टक्का हाही एक आकडाच. वरचे गुण देऊन तो वाढवता येतो, आणि शाळेच्या फलकावर लिहिताही येतो. पण पाया कच्चा असलेले मूल अकरावीत किंवा आयटीआयमध्ये पोचते आणि पहिल्याच वळणावर अडखळते. आट्यांतली ढिलाई दिशा बदलतानाच कळते, तशीच ही. उर्दूतून मराठी-इंग्रजीत जाणे हे आमच्या मुलांसाठी असे मोठे दिशा बदलणे असते.

पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी 1983 पासून खेड्यातल्या मुलांना हाताने काम करता करता शिकवले. आमच्या मोहल्ल्यांत तर हुनराची कमी कधीच नव्हती. गॅरेजात, लेथवर, सुतारकामात आमची मुले लहानपणापासून दिसतात. त्या हाताला मापाची आणि कारण विचारण्याची तालीम मिळाली, तर कारागीर आणि अभियंता यांतले अंतर फार उरणार नाही. त्या मुलीची वही आता अर्धी भरली आहे. शब्द तीन भाषांत आहेत, मापे मिलिमीटरमध्ये. तारखेपुढे ती त्या दिवशीची चूक लिहिते आणि चुकीपुढे तिचे कारण.