लीड्समधल्या काचघराचा पहिला वसंत

प्रिय सई,


नव्या घराच्या परसात ग्रीनहाऊस आहे हे कळलं आणि मला किती आनंद झाला म्हणून सांगू! तुझी यादी वाचली. भेंडी, टोमॅटो, मिरची, मेथी, कोथिंबीर, झेंडू. भेंडी यंदा राहू दे. तिला हवी तितकी ऊब रात्री तिथे नसते, उगाच जीव लावून बसशील.

हीटर नसलेलं काचघर म्हणजे पुण्याची हवा नव्हे. दिवसा कोंडलेली ऊब काच रात्री भराभर सोडून देते आणि मार्चमधल्या निरभ्र रात्री आतही पारा शून्याच्या आसपास उतरतो. ग्रीनहाऊस आपल्याला थोडे आठवडे आधी देतं, एवढंच त्याच्याकडे माग. म्हणून सुरुवात गारवा सोसणाऱ्या भाज्यांपासून कर: पालक, मुळा, मटार, लेट्यूस, मागोमाग मेथी. कोथिंबीर तर वसंतातच पेरावी, उन्हाळ्यात ती लगेच फुलावर येते. टोमॅटो-मिरचीचं बी मात्र घरात, वीस अंशांच्या उबेत रुजव आणि रात्री दहा अंशांच्या खाली जाईनाशा झाल्या की रोपं काचघरात ने.

आता सगळ्यात महत्त्वाचं. थंडीइतकीच रोपं कोंडलेल्या हवेनं मरतात. बाहेर दहा अंश असले तरी लख्ख उन्हात आत तीसच्या वर जायला वेळ लागत नाही. सकाळी ऊन आलं की छताची खिडकी उघड, ऊन कलायच्या आत लाव, म्हणजे थोडी ऊब रात्रीला उरेल. दमट, साचलेल्या हवेत बुरशी धरते आणि काल टवटवीत असलेली इवली रोपं मातीलगत गळून आडवी होतात. त्यावर नंतर इलाज नाही. बी विरळ पेर, पाणी सकाळी दे, आणि रोपांना पिंपातलं पावसाचं पाणी न घालता नळाचं घाल. पिंपात त्याच बुरशीचे बीजाणू असू शकतात.

झेंडू टोमॅटोशेजारी लाव. फुलांत माझी लाडकी स्वीट पी. तिची मुळं खोल जातात, म्हणून उभट कुंडी घे, आणि पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की शेंडा न कचरता खुड; फांद्या फुटतात. तिचं बी विषारी असतं. दिसतं मटारासारखंच, तेव्हा छोट्याच्या हाताला लागणार नाही असं ठेव.

जाता जाता काचघराची एक गोष्ट. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ साली उठला. त्याआधी असली हौस बहुतेक बड्यांच्या वाड्यांतच चाले. चॅट्सवर्थला जोसेफ पॅक्स्टननं प्रचंड काचघर उभारलं होतं आणि पुढे १८५१ च्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेसही त्यानंच रचला. शेतकऱ्याचा मुलगा, पेशानं माळी! चॅट्सवर्थ तुला लांब नाही. एकदा सगळे जाऊन या.

एक मात्र लक्षात ठेव, साउथॅम्प्टनला मी पाळते त्या पेरणीच्या तारखा तुला चालणार नाहीत. लीड्सला मेच्या अखेरीपर्यंत रात्री दंव गोठून रोपं करपू शकतात. झेंडूची उरलेली रोपं बाहेर लावण्याआधी आठ-दहा दिवस दिवसा बाहेर आणि रात्री आत ठेव, वारा अंगवळणी पडू दे. शेजारच्या आजोबांना विचार, त्यांच्या वाफ्यात बटाटे कधी पडतात ते. तुमच्या गल्लीतली थंडी त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते.

तुझी,
मावशी