केरसुणीची निविदा

दिवाळीच्या खरेदीत फटाके नातवंडे पाहतात, पणत्या-रांगोळी सूनबाई पाहते. लक्ष्मीपूजनाची केरसुणी मात्र मीच आणतो. पेन्शनीत निघालेल्या म्हाताऱ्याचा हा एक चाळा, असे घरची मंडळी म्हणतात. त्यांना कसे सांगू, की त्या केरसुणीचे मी देणे लागतो!

नोकरीत असताना रत्नागिरीतल्या एका कचेरीत निविदांचे टेबल माझ्याकडे होते. लाखेचा वास, सुतळी आणि लाल शाई एवढे माझे वैभव. एकदा वर्षभराच्या केरसुण्यांसाठी निविदा निघाली. माडाच्या झावळ्यांचे हीर काढून केरसुण्या वळणारी एक विधवा बाई लिफाफा घेऊन आली. वरचे अक्षर तिच्या शाळकरी मुलाचे होते. लिफाफे फोडले, तो तिचाच दर सर्वांत कमी! पण अनामत रक्कम भरलेली नव्हती आणि अनुभवाचा दाखलाही नव्हता.

मी दाखला मागितला. ती म्हणाली, "भाऊसाहेब, मला आयनं शिकवलान. आठ वर्सांची असल्यापासून वळतेय. दाखला आयच देईल, पण ती कधीच वर गेली."

मी हसलो आणि लाल शाईने 'अपात्र' असे लिहिले.

काम बाजारातल्या एका व्यापाऱ्याला मिळाले. पंधरवड्याने माल उतरला. केरसुण्यांची बांधणी मला ओळखीची वाटली, म्हणून चौकशी केली. केरसुण्या तिच्याच होत्या! निविदेत तिने लिहिलेल्या दरापेक्षाही कमी भावात त्याने त्या घेतल्या होत्या, आणि कचेरीने त्याला जास्त मोजले होते. यात बेकायदा काही नव्हते. माझी फाईल तर अगदी स्वच्छ होती!

पतितपावन मंदिरावरून जाताना मला हे हटकून आठवते. 1931 साली ते स्वखर्चाने बांधून देणारे भागोजीशेठ कीर याच रत्नागिरीचे. गरिबीतून वर येऊन मुंबईत ते मोठे ठेकेदार झाले. त्यांनाही पहिले काम कुणीतरी दिलेच असेल. त्या माणसाने आधी अनुभवाचा दाखला मागितला असता तर?

केंद्र सरकारला हे थोडेफार उमगले आहे. 2012 च्या धोरणाने सरकारी खात्यांनी आणि सार्वजनिक कंपन्यांनी खरेदीचा 20 टक्के हिस्सा लहान उद्योगांकडून घ्यावा असे ठरले. 2018 साली तो 25 टक्के झाला. त्यात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के स्त्रियांच्या उद्योगांसाठी आहेत. अशा लहानांना अनामतही माफ. पण हे बंधन केंद्राच्या खात्यांवर आहे. गावच्या नगरपरिषदेच्या उंबरठ्याशी ते थांबते.

तो उंबरठा ओलांडायला फारसे काही लागत नाही. मोठ्या ठेक्याचे लहान तुकडे करावेत, अनामत माफ करावी, दाखल्याऐवजी नमुना पाहावा आणि बिल महिन्याच्या आत चुकते करावे. उधारीवर व्यापारी तगतो, हातावर पोट असलेला तगत नाही. "सार्वजनिक पैसा आहे, स्वस्तच घ्यायला हवे," असे कुणी म्हणेल. अहो, स्वस्त तर तीच देत होती!

लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहताना माझा हात क्षणभर थबकतो. लक्ष्मी म्हणून आम्ही जिची पूजा करतो, ती वळणाऱ्या हातांना मी 'अपात्र' ठरवले होते. कुंकू आणि त्या शाईचा रंग एकच, हे तेवढ्यात ध्यानात येते.