धाडलेलं

आमच्या मेसमध्ये एक वही होती. लाल पुठ्ठ्याची, कोपरे तेलकट झालेली. ज्या दिवशी जेवायला जायचं नाही, त्याच्या आदल्या रात्री मावशींना सांगायचं, मग त्या आपल्या नावापुढे फुली मारत. त्याला खाडा म्हणत. महिनाअखेरीला खाड्यांचे पैसे कापले जायचे. पण न सांगता कुणी गैरहजर राहिलं, तर दुसऱ्या दिवशी मावशी पैशांचं काही बोलत नसत. पोळी वाढता वाढता एवढंच विचारत, "काल आला नाहीस, बरं नव्हतं का रे?"

सतराव्या वर्षी सोलापूर सोडून मी पुण्यात शिकायला आलो. सदाशिव पेठेतल्या त्या वाड्यात दोन वर्षं जेवलो. मेस हा शब्द तेव्हा दिवसातून दहादा तोंडात यायचा. तो कुठून आला असेल, हे मनातही आलं नाही. आता वाटतं, त्या शब्दाची वाट मला तेव्हाच ठाऊक असायला हवी होती.

ही वाट लॅटिनपासून निघते. 'मित्तेरे' म्हणजे पाठवणं, धाडणं. त्यापासून 'मिस्सुम', म्हणजे धाडलेलं. स्वयंपाकघरातून पानावर धाडलेलं ते जुन्या फ्रेंचमध्ये 'मेस' झालं. आजचे फ्रेंच लोक पदार्थाला 'मे' म्हणतात. लिहिताना शेवटी त आणि स लावतात, पण उच्चारत नाहीत. लॅटिनमधलं धाडणं फ्रेंचमध्ये येईपर्यंत 'मेत्र', म्हणजे ठेवणं, झालं होतं. चुलीपासून पानापर्यंतचा सगळा प्रवास या एका क्रियापदात आहे: तिकडून धाडलं, इकडे ठेवलं.

1300 च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत आला. आधी त्याचा अर्थ वाढलेला पदार्थ असा होता. मग एकाच भांड्यातून जेवणारी माणसंही मेस झाली, बहुधा चौघं. लंडनच्या बॅरिस्टरांच्या इन्समध्ये ही चौघांची रीत पुढेही टिकली. गांधीजी त्यांपैकी इनर टेंपलमध्ये शिकत होते, तेव्हा चौघांत वाइनच्या दोन बाटल्या मिळत. ते पीत नसल्यामुळे आपल्या चौकडीत त्यांनी यावं असं पुष्कळांना वाटे. आत्मचरित्रात त्यांनीच हे लिहून ठेवलं आहे. फौजेत आणि जहाजांवरही एकत्र जेवणाऱ्यांची मेस झाली.

इंग्रजीत मात्र या शब्दाची परवड झाली. कालवलेलं अन्न, मग जनावरांपुढचं आंबोण, आणि एकोणिसाव्या शतकात तर चक्क पसारा, घाण, गोंधळ. मला याचं मनापासून वाईट वाटतं. मराठीने तो शब्द घेतला आणि हा सगळा गाळ इंग्रजीतच राहू दिला. आपल्याकडे मेस म्हणजे फक्त जेवण. दोन वेळचं, मोजून दिलेलं, गरम.

याच धातूचा दुसरा अंकुर गोव्यात आहे. चर्चमधल्या प्रार्थनेला कोंकणीत मीस म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज 'मिस्सा'वरून आला आणि त्याचंही मूळ 'मित्तेरे'च. पुण्यातली मेस आणि गोव्यातली मीस अशा सख्ख्या बहिणी आहेत, हे कळलं त्या दिवशी मी बराच वेळ काही न करता बसून होतो.

एक गोष्ट मात्र मला खटकते. 'धाडलेलं' या शब्दात धाडणारं कुणी नाही. कर्म आहे, कर्ता गाळलेला आहे. अन्नाच्या बाबतीत असंच होत आलं. मुंबईच्या गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना खानावळवाल्या बायकांनी वर्षानुवर्षं जेवू घातलं, आणि 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा कुठे त्या संघटित झाल्या. आपण मराठीत निदान 'मेसच्या मावशी' म्हणतो. लॅटिनने गाळलेला कर्ता आपण नात्याच्या शब्दाने परत आणला आहे. वाढणं हे क्रियापदही तसंच. ताटात घालणंही वाढणं आणि मूल मोठं होणंही वाढणंच. मावशींच्या हातून माझ्या बाबतीत दोन्ही झालं.

एकदा तापाने पडलो होतो. न सांगता खाडा झाला. रात्री नऊला खोलीचं दार वाजलं. मावशींचा मुलगा पितळी कडीचा डबा घेऊन उभा होता. आत मऊ भात, वरण, लिंबाची फोड.

"आईने धाडलाय," तो म्हणाला.

त्या वाड्याच्या जागी आता पाच मजली इमारत आहे. मावशी मुलाकडे कोथरूडला असतात, ऐकू कमी येतं. तुमच्याही मेसच्या मावशी कुठे असतील तर शोधून काढा, आणि भेटायला जाताना त्यांच्यासाठी डबा भरून न्या.