वाटेची किंमत

मुलांनो, तुम्ही ज्या रस्त्याने शाळेत येता, त्याला किती खर्च आला असेल, याचा विचार कधी केला आहे का?

१९७० साली सिडको स्थापन झाली व नवी मुंबई वसू लागली. पुढे शहरात रुंद रस्ते झाले. पण पनवेलजवळच्या आमच्या शेतावरील घराला भातखाचरांच्या बांधावरूनच जावे लागे. एका पावसाळ्यात आजारी आजीला झोळीतून न्यावे लागले. दवाखान्यात पोहोचायला उशीर झाला. आजी परत आली नाही.

मग वडिलांनी बैलजोडी विकली. दगड, त्यावर खडी, त्यावर मुरूम टाकून रोलर फिरवला. पैसे संपले, म्हणून मोरी राहिली. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी तुंबले आणि निम्मा रस्ता वाहून गेला!

शेताला वाट नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. आम्हांला तशी वेळ आली नाही. शेजारच्या काकांनी शेताची कड आपणहून दिली होती. आता पाण्यासाठी चरही खणू दिला. वडिलांनी मोरी बांधली. रस्ता टिकला.

खडी-मुरुमाचा हिशेब वडिलांच्या वहीत आहे. काकांच्या जमिनीचा हिशेब मात्र आम्हांला कधीच मांडता आला नाही.