धर्माच्या गाईचे दात

जयपूरला माझी बदली झाली तेव्हापासून घरी पाहुण्यांची वर्दळ असते. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या मंडळींना हवामहल, आमेरचा किल्ला आणि बापू बाजार पाहायचा असतो. ते सर्व झाले की मी त्यांना मालवीय नगरात घेऊन जातो. तेथे भगवान महावीर विकलांग सहायता समितीचे केंद्र आहे. 'जयपूर फूट' हे नाव सर्वांनी ऐकलेले असते. सुधा चंद्रन यांचा 'नाचे मयूरी' (१९८६) हा चित्रपटही अनेकांना आठवतो. मात्र हा पाय एका न बोललेल्या तक्रारीतून जन्माला आला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१९६० च्या दशकात येथील सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यचिकित्सक होते. पाय गमावलेल्या रुग्णांना त्या काळी पाश्चात्त्य धर्तीचा कृत्रिम पाय बसविला जाई. तांत्रिकदृष्ट्या त्यात दोष नव्हता. तरीही पाय घेऊन गेलेले रुग्ण काही काळाने पुन्हा कुबड्यांवर चालताना दिसत. कारण शोधता असे आढळले की त्या पायाने उकिडवे बसता येत नाही, मांडी घालता येत नाही, चिखलाच्या शेतात चालता येत नाही. शिवाय त्यावर बूट हवाच, आणि बूट घालून देवळात किंवा स्वयंपाकघरात कसे जाणार? तो पाय खुर्चीवर बसणाऱ्या समाजासाठी बनलेला होता. आपला माणूस जमिनीवर बसणारा.

या अडचणीवर उपाय शोधला तो रामचंद्र शर्मा या जेमतेम शाळा शिकलेल्या कारागिराने. १९६८ च्या सुमारास शर्मा व डॉ. सेठी यांनी रबर, स्पंज आणि लाकूड वापरून घोट्यात सर्व बाजूंना वाकणारा, अनवाणी वापरता येणारा पाय तयार केला. त्याचे पेटंटही घेतले नाही. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या हकीकतीत कोणी प्रश्नावली भरून घेतली नव्हती. रुग्णांनी पाय घराच्या कोपऱ्यात उभा करून ठेवला, हाच त्यांचा अभिप्राय होता. तो वाचणारा डॉक्टर भेटला, हे आपले भाग्य.

तरीही पुढील काही वर्षांत फारच थोड्या लोकांना हा पाय मिळाला. १९६९ मध्ये देवेंद्रराज मेहता या राजस्थानातील सनदी अधिकाऱ्याला भीषण अपघात झाला आणि त्यांचा स्वतःचा पाय जाता जाता वाचला. १९७५ मध्ये त्यांनी ही समिती स्थापन केली. (पुढे ते सेबीचे अध्यक्षही झाले.) समितीने पायाइतकेच पाय देण्याच्या पद्धतीकडे लक्ष दिले. दूरच्या खेड्यातून आलेल्या गरीब माणसाला 'पुढच्या आठवड्यात या' म्हटले की तो पुन्हा येत नाही. म्हणून रुग्ण केव्हाही आला तरी नोंद करून घ्यायची, त्याच्या राहण्या-जेवणाची सोय करायची आणि शक्य तितक्या लवकर पाय बसवून त्याला चालत घरी पाठवायचे, तेही विनामूल्य, अशी पद्धत पडली. ज्याने स्वतः रुग्णाच्या खाटेवर दिवस काढले, त्यालाच रांगेतील माणसाच्या दिवसाची किंमत कळते, असे मला वाटते.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. बाजारात ग्राहकाला वस्तू आवडली नाही तर तो दुसऱ्या दुकानात जातो आणि दुकानदाराला ते गल्ल्यावरून कळते. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मधील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात असंतुष्ट माणसापुढे दोन मार्ग सांगितले: निघून जाणे किंवा आवाज उठविणे. सेवाभावी कामात मात्र पैसे देणारा एक, वस्तू वापरणारा दुसरा आणि मध्ये संस्था. वापरणारा निघून गेला तरी संस्थेच्या गल्ल्यावर परिणाम होत नाही, कारण गल्ला देणगीदाराच्या हाती. आणि आवाज तर तो उठवीतच नाही. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, हे आपल्याकडे लहानपणीच शिकविलेले असते.

हे मी पुस्तकात वाचले होते, पण कळले फार उशिरा. काही वर्षांपूर्वी अपंगांना साधने वाटणाऱ्या एका संस्थेच्या अनुदानाचे प्रकरण माझ्याकडे होते. कागदपत्रे चोख होती. लाभार्थ्यांची यादी, छायाचित्रे, अंगठे आणि प्रत्येकाचा अभिप्राय: 'अत्यंत समाधानी'. उपयोगिता प्रमाणपत्रही जोडलेले होते. मी पुढील हप्त्याची शिफारस केली.

त्यानंतर काही महिन्यांनी सांभरच्या वाटेवरील एका गावात दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. एका घराच्या अंगणात त्या योजनेतील तीनचाकी सायकल दिसली. तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या आणि चाकाला शेळी बांधलेली होती. घरातील तरुण दोन्ही हातांवर सरकत बाहेर आला. मी विचारले, सायकल वापरत नाही का? तो कसनुसा हसला. घरापासून सडकेपर्यंतची वाट वाळूची. सायकल दहा पावलांत रुतते, मग ढकलायला दोन माणसे लागतात. मग अभिप्राय असा का दिला? तो म्हणाला, "साहेब, एवढ्या लांबून येऊन त्यांनी दिली. वाईट कसे म्हणायचे? आणि वाईट म्हटले असते तर पुढच्या वेळी यादीत नाव राहिले असते का?"

या दोन वाक्यांत सर्व काही आले. पहिल्या वाक्यात भीड होती, दुसऱ्यात भीती. संस्थेने खोटे लिहिले नव्हते. त्यानेही खोटे सांगितले नव्हते. त्याने सौजन्य दाखविले होते. चूक माझी होती. पैशाचा उपयोग झाला हे प्रमाणपत्र सांगत होते आणि वस्तूचाही उपयोग झाला असे मी परस्पर गृहीत धरले होते.

ही भीड मोडते कशी, याचे उत्तरही मला राजस्थानातच सापडले. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. तेथे कोणी 'आपण समाधानी आहात का' असे विचारले नाही. सरकारी कामांचे हजेरीपट सर्वांसमोर मोठ्याने वाचले. तुझ्या नावावर इतके दिवस लिहिले आहेत, तू कामावर होतास का, मजुरी मिळाली का, असा नेमका प्रश्न असला की उत्तरही नेमके येते. चारचौघांत विचारल्यामुळे एकट्याने वाईटपणा घ्यावा लागत नाही. या धाग्यातूनच पुढे २००५ चा माहिती अधिकार कायदा विणला गेला.

महाराष्ट्रातही राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याच्या 'साथी' संस्थेच्या समन्वयाने अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे व ठाणे या जिल्ह्यांत गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राचे प्रगतिपुस्तक भरले. चांगल्याला हिरवा, बऱ्याला पिवळा, वाईटाला लाल रंग. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे ते मांडले. येथे पैसा सरकारचा होता आणि दोष दाखविण्याच्या कामालाही सरकारनेच पैसा दिला. मला यातील हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

परदेशातही आता हा विचार रुजतो आहे. अमेरिकेतील काही देणगीदार संस्थांनी २०१४ मध्ये एकत्र येऊन केवळ लाभार्थ्यांचे म्हणणे ऐकण्याच्या कामासाठी निधी उभारला. परंतु प्रश्नावली कितीही उत्तम असली तरी उत्तर देणाऱ्याला दोन गोष्टींची खात्री हवी. खरे बोलल्याने आपले नुकसान होणार नाही आणि खरे बोलल्याने काहीतरी बदलेल. यांपैकी एकही नसेल तर 'अत्यंत समाधानी' हेच उत्तर येईल.

आपल्यापैकी अनेकजण परराज्यात किंवा परदेशात राहून गावाकडच्या संस्थांना देणगी पाठवितात. वर्षाअखेरीस छायाचित्रांसह अहवाल येतो आणि आपण तो कौतुकाने पाहतो. त्यांना माझी एक विनंती आहे. किती वस्तू वाटल्या याबरोबर, सहा महिन्यांनी किती वापरात होत्या हेही विचारा. वाटणाऱ्याऐवजी दुसऱ्या कोणी विचारावे आणि जे पुन्हा आले नाहीत त्यांच्या घरीही जावे, असे सुचवा. त्यासाठी लागणारा खर्च देणगीतच धरा. आणि उत्तर वाईट आले तर देणगी थांबवू नका. ज्या संस्थेने आपली उणीव आपणहून कळविली, तिच्यावर अधिक विश्वास ठेवा. आपण वाईट बातमीला शिक्षा केली तर पुढील वर्षी फक्त चांगल्या बातम्या येतील. हा नियम सरकारी कचेरीला जितका लागू आहे तितकाच देणगीदारालाही.

त्या गावी मी पुन्हा गेलो. पुढच्या अनुदानात फेरभेटीचा खर्च धरला होता आणि त्या तरुणाला सायकलीऐवजी त्याने मागितलेल्या कॅलिपर व कुबड्या मिळाल्या होत्या. या वेळी तो सडकेपर्यंत चालत आला होता. मला पाहताच त्याने सांगायला सुरुवात केली: कुबडीच्या टोकाचे रबर दोन महिन्यांत झिजते, बदलून मिळत नाही, संस्थेला फोन केला तर उद्या-परवा म्हणतात, साहेबांनी यात लक्ष घालावे. तो बराच वेळ बोलत होता आणि मी लिहून घेत होतो. माझ्या नोकरीत एखादी तक्रार ऐकून इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.