पंचांग पाहून कोकण

मुंबईहून रत्नागिरीला मोटारीने जायचे तर दोन वाटा आहेत. पहिली महामार्गाची. पहाटे निघावे, दोन ठिकाणी चहा घ्यावा, एका ठिकाणी जेवावे आणि सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर मागे टाकून दिवेलागणीपर्यंत मुक्काम गाठावा. ही शहाण्या माणसांची वाट. तिच्यात उणीव एकच, की कोकणात जाऊनही वाटेत समुद्र भेटत नाही. दुसरी वाट किनाऱ्याकिनाऱ्याने जाते. ती अरुंद आहे, वळणावळणाची आहे, आणि मुख्य म्हणजे अखंड नाही. मजल-दरमजल करीत ती एखाद्या खाडीशी येते, पाण्यात उतरते आणि पलीकडच्या काठावर पुन्हा वर येते.

येत्या पौषात आम्ही या दुसऱ्या वाटेने जाणार आहोत. आम्ही म्हणजे मी, सौ., कॉलेजात जाणारे चिरंजीव, नववीतली कन्या आणि ऐंशी वर्षांची आई. पौष निवडला तो सौ.ने. पौषात लग्ने नसतात, त्यामुळे कोणाच्या कार्याला न गेल्याचा रुसवा पदरी येत नाही. शिवाय पावसाने उसळलेला समुद्र तोवर निवळलेला असतो, उन्हाचा ताप नसतो, आंब्याला मोहोर धरू लागतो, आणि अलिबागेकडे वालाच्या शेंगांची पोपटी लागण्याचे तेच दिवस. मुलांची शाळा-कॉलेजे दोन दिवस बुडतील. ती तक्रार मुलांकडून आलेली नाही.

महिना ठरला तरी बेत ठरेना. चिरंजीवांनी फोनवरचा नकाशा उघडून अंतरे मांडली, अंतरांना वेगाने भागले आणि तीन दिवसांत सारा किनारा संपवून टाकला. कोकणचा किनारा हिशेबाला एवढा सोपा नाही. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या आखूड, पण त्यांच्या मुखातून भरतीचे पाणी आत खूप दूरवर शिरते आणि रुंद खाड्या करून ठेवते. सावित्रीची बाणकोटची खाडी, वाशिष्ठीची दाभोळची, शास्त्रीची जयगडची. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गाची कल्पना बॅ. अंतुले मुख्यमंत्री असतानाची, म्हणजे १९८० च्या सुमाराची. पण या मोठ्या खाड्यांशी आजही मोटार फेरीबोटीवर चढवावी लागते. तिकडे तिला जंगलजेटी म्हणतात. पाणी ओलांडायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. बोट चुकली आणि थांबायचे नसेल, तर दाभोळहून समोरच्या धोपाव्याला जायला चिपळूणवरून शंभरावर किलोमीटरांचा वळसा. म्हणून या वाटेवर किलोमीटर मोजू नयेत; खाड्या मोजाव्यात. मुंबई बंदर धरून आमच्या वाटेत पाच वेळा पाणी येते.

हे सारे आई ऐकत होती. शेवटी तिने विचारले, ‘‘तिथी कोणती धरलीत?’’

‘‘आजी, सहलीला मुहूर्त कशाला?’’ चिरंजीव म्हणाले.

‘‘मुहूर्त नव्हे रे. पाणी.’’

मग तिने जे सांगितले ते कोकणातल्या कोळ्या-तांडेलांना आणि खाडीकाठच्या शेतकऱ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणावे. येईल त्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाला पाणी चढलेले. पुढे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. वद्य पक्ष लागला की पुन्हा एकपासून मोजायचे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी फार चढते आणि फार उतरते. अष्टमीच्या आसपास भांग, चढउतार बेताचा. कन्येने लगेच फोनवर मुंबईच्या भरतीचे वेळापत्रक काढून ताडा घेतला. थोड्याफार फरकाने आजी बरोबर निघाली. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागून सरकते. पाऊण तासाचा पाढा तेवढ्यासाठीच. मात्र दक्षिणेकडे जावे तसतशी भरती मुंबईच्या जरा आधी येते, एवढे ध्यानात ठेवावे.

त्यानंतर नकाशा मिटला आणि पंचांग उघडले. बेत ठरला तो असा.

पौष शुद्ध त्रयोदशी. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट मांडव्याला. ही रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि तासाभरात पलीकडे पोचवते. आईच्या पिढीला भाऊचा धक्का म्हटले की १७ जुलै १९४७ आठवतो. त्या दिवशी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तेव्हा आई तान्ही होती, पण त्या कथा ऐकत ती वाढली. तिला विचारले तर म्हणाली, ‘‘ते पावसाळ्यातलं. पौषात कसली भीती?’’ तेराला पाऊणने गुणले की पावणेदहा. म्हणजे चारच्या सुमारास ओहोटी. अलिबागला कुलाब्याच्या किल्ल्यात पायी जायची वेळ नेमकी तीच. स्थानिक माणसाला विचारून जावे आणि पाणी वळण्याआधी परतावे.

चतुर्दशी. रेवदंडा, मुरूड, जंजिरा. सिद्दींचा हा जलदुर्ग मराठ्यांना कधी घेता आला नाही. हेलकावणाऱ्या शिडाच्या होडीतून किल्ल्याच्या पायरीवर पाऊल टाकणे ऐंशीव्या वर्षी बरे नव्हे. म्हणून आई आणि मी काठावरून तट पाहू, बाकीचे आत जाऊन कलालबांगडी तोफ पाहतील. मग आगरदांड्याहून दिघीला बोट आणि मुक्काम श्रीवर्धनला.

पौर्णिमा. बागमांडल्याहून वेसवीला बोट. उतरल्यावर वेळास, नाना फडणीसांचे गाव. तिथल्या वाळूत समुद्री कासवे अंडी घालतात. पण पिल्ले बाहेर पडतात ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्यामुळे ती पाहायची तर निराळा फेरा करावा. केळशी, आंजर्ले करून संध्याकाळी हर्णैला मासळीचा लिलाव, समोर सुवर्णदुर्ग. मुक्काम दापोलीजवळच्या मुरूडला, महर्षी कर्व्यांच्या गावी. त्या रात्री चंद्र आहेच.

वद्य प्रतिपदा. दाभोळ. हा दिवस आईचा. तिचे माहेर पलीकडच्या काठावर, खाडीत जरा आत. लहानपणी ती मुंबईहून आगबोटीने येई. बोट बाहेर नांगरून उभी राही, उतारू पडावात उतरत, आणि भिजलेल्या पायांनी माणसे घरी पोचत. बहामनी-आदिलशाही काळात हे दाभोळ पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळले. आदिलशाहीतली दगडी मशीद अजून खाडीकाठी उभी आहे. मुलांनी ती पाहावी. आईला धक्क्यावर नुसते बसायचे आहे. मग धोपाव्याला उतरून गुहागर.

वद्य द्वितीया. दोन पाऊण दीड. पण हेदवी दक्षिणेला, तेव्हा बारालाच हजर राहायचे. तिथे कातळात एक चिंचोळी घळ आहे, बामणघळ. भरतीचे पाणी तिच्यात कोंडते आणि उंच उसळते. काठाशी जाऊ नये. कातळ निसरडा असतो. मग तवसाळहून जयगडला शेवटची बोट, मालगुंडला केशवसुतांचे स्मारक, गणपतीपुळे, आणि रात्री रत्नागिरी. परतताना मात्र शहाण्यांचा महामार्ग.

बेत कागदावर उतरल्यावर चिरंजीवांनी एक बातमी सांगितली. या खाड्यांवर पूल बांधायचे काम सरकारने हाती घेतले आहे. काही वर्षांनी मोटार न थांबता जाईल. ‘‘म्हणजे आपण वेळेवर चाललो आहोत,’’ मी म्हणालो. ‘‘पूल झाले की या वाटेची मजा गेली.’’

आई पंचांग मिटून ठेवीत होती. ती म्हणाली, ‘‘मजा तुमची. पूल व्हायलाच हवेत.’’

आणि मग तिने तिच्या धाकट्या मावशीची हकिकत सांगितली. ती मी पन्नास वर्षांत ऐकली नव्हती. मावशी बाळंतपणात अडली. डॉक्टर दाभोळला, खाडीपलीकडे. अष्टमीची रात्र. संध्याकाळची भरती होऊन गेलेली. डोली करून तिला काठावर आणले तेव्हा मध्यरात्र होत आली होती, आणि पडाव चिखलात रुतून बसला होता. चौघांनी कमरेएवढ्या चिखलात उतरून जोर लावला. पाणी येईपर्यंत हालला नाही. पाणी पहाटे आले. तोवर मावशी गेली होती, मूलही. आई तेव्हा आठ वर्षांची. ‘‘त्यानंतर अण्णांनी आम्हां सगळ्यांना तिथीचा पाढा पाठ करायला लावला,’’ ती म्हणाली. ‘‘मजा म्हणून नव्हे.’’

आजही रात्री फेऱ्या थांबतात. दिवसा सहलीला गेलेल्या आपल्यासारख्यांना तो पंधरा मिनिटांचा गार वारा असतो. काठावर राहणाऱ्याला खाडी चोवीस तास असते. पूल व्हावेत, आणि लवकर व्हावेत. तोवर आपण जावे, तिकिटाच्या रांगेत मुकाट उभे राहावे, आणि घाईतल्या कोणा स्थानिक माणसाची गाडी पुढे घ्यायची झाली तर कपाळाला आठी घालू नये.

जाणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. फेऱ्यांच्या वेळा आदल्या दिवशी फोन करून विचाराव्यात. पेट्रोल मोठ्या गावात भरून घ्यावे. ताशी तीस किलोमीटरहून अधिक वेग हिशेबात धरू नये. रोख पैसे जवळ असावेत, पहाटेच्या गारव्याला एक शाल असावी. घरगुती खाणावळीत जेवण निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे. तांदळाची भाकरी आणि सोलकढी ऐनवेळी मागून मिळतेच असे नाही. म्हातारे माणूस बरोबर असेल तर दिवसाला एकच खाडी ओलांडावी. आणि असे माणूस घरात असेल तर त्याला बरोबर न्यावेच.

गुहागरला मुक्कामाची जागा धरायला परवा फोन केला. मालकीणबाईंनी तारीख विचारली, ती सांगितली. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘म्हणजे वद्य प्रतिपदा. दुसऱ्या दिवशी हेदवीला जाणार असाल, तर पोहे लवकर करून देईन.’’